एक पीस कमी

पंखाखालचं ते पांढरं पीस जागेवर नव्हतं. काटेवाल्यांनी कोंबड्याचा डावा पंख मिटला, हात रुमालाला पुसला आणि पंख पुन्हा उघडला. काळी पिसं एकावर एक नीट बसलेली, हॉलच्या दिव्याखाली त्यांच्यावर ती हिरवी झाक, जिच्यापायी त्यांनी अर्धं आयुष्य गच्चीवर काढलं होतं. आणि पंखाच्या मुळाशी, जिथं मागच्या रविवारी करंगळीच्या नखाएवढं पांढरं टोक त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिथं काळ्यावर काळंच. बोटानं चाचपलं तेव्हा एवढीशी खळगी लागली. दुसऱ्या कोणाला लागली नसती. खरं तर माणसाला आनंद व्हायला हवा. डोक्यावरचं ओझं आपोआप उतरलं तर कोण रडतं? पण काटेवाल्यांनी पंख मिटून तिसऱ्यांदा उघडला. घराला आपण लावलेलं कुलूप परत आल्यावर उघडं दिसावं आणि आत मात्र सगळं जागच्या जागी असावं, तसं त्यांना वाटलं. कोंबड्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या डोळ्यात नेहमीसारखंच काही नव्हतं.

हॉल एरवी कसरतीचा होता. भिंतीवरच्या शिड्या आणि छताला लोंबणारे दोर तसेच होते. खाली लाकडाचा भुसा पसरून लोखंडी पिंजऱ्यांच्या लांब रांगा मांडल्या होत्या आणि प्रत्येक पिंजऱ्यावर फक्त आकडा होता, मालकाचं नाव नव्हतं, कारण पक्षी कोणाचा हे परीक्षकाला कळू नये असा नियम. तसा तो सगळ्यांना कळायचाच. एका छपराखाली इतके कोंबडे जमले की प्रत्येकाला वाटतं दिवस आपल्याच आरवण्यानं उगवलाय, आणि मालकांचंही काही वेगळं नसतं. इथं कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. जो तो आपल्या धंद्यानं ओळखला जातो: चष्मेवाला, बेकरीवाला, दातांचे डॉक्टर. काटेवाले सरकारी खात्यात दुकानादुकानांतले वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारायचे, म्हणून काटेवाले. दुकानदार त्यांना बघून चेहरे पाडायचे. इथं मात्र ते दारातून आत आले की दोन-चार जण हातातलं काम टाकून त्यांच्या पिंजऱ्याकडे सरकायचे, आणि अशा वेळी अंगावर मूठभर मांस चढतं ते कोणाला नाकारता येत नाही. आजही सरकले होते. चष्मेवाल्यानं तर कोंबडा बाहेर निघताच डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला होता आणि म्हणाला होता, "काटेवाले, आमच्यासारख्यांनी आता ससे पाळावेत."

मग मालकांनी दोरीच्या मागं जावं असं भोंग्यावरून सांगण्यात आलं. काटेवाल्यांनी कोंबड्याच्या तुऱ्याला तेलाचं बोट लावलं, पिंजऱ्याचं दार लावलं आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेले. तिथं त्यांची बायको घडीच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच प्रदर्शनाला आली होती. हॉलच्या दुसऱ्या टोकाला पांढरा डगला घातलेल्या परीक्षकांनी पहिल्या पिंजऱ्याचं दार उघडलं. उंच, वाकलेले, जनावरांचे निवृत्त डॉक्टर. ते एकेका पक्ष्याला पोटाखाली तळहात देऊन उचलत, त्याला काही सांगितल्यासारखं जवळ धरत आणि मग त्याचा पंख पंख्यासारखा उघडत. काटेवाल्यांचा पिंजरा चौथ्या रांगेत होता. वेळ होता. वेळ होता हेच वाईट होतं.

मागच्या रविवारी ते पीस दिसलं तेव्हा दुपार होती आणि गच्चीवर शेजाऱ्यांच्या चादरी वाळत होत्या. काटेवाले कोंबड्याला हाताची सवय राहावी म्हणून रोजच्यासारखं मांडीवर घेऊन बसले होते, तुरा पाहत होते, पायांची पाटी-पेन्सिलीसारखी करडी खवलं पाहत होते, आणि उगीच, केवळ सुख म्हणून, त्यांनी पंख उघडला. पांढरं. आधी वाटलं चुना असेल. थुंकी लावून पुसून पाहिलं. मग वाटलं की ऊन पडलंय. सावलीत नेलं. सावलीतही पांढरं. काळ्या जातीत एक पांढरं पीस म्हणजे पहिला नंबर गेला. एवढंच असतं तर काटेवाल्यांनी ते सोसलं असतं. पण ते पीस जखमेनं आलंय की रक्तातून, हा प्रश्न त्यांना झोपू देईना. दोन महिन्यांपूर्वी कोंबड्याचा पंख जाळीत अडकला होता खरा. मार लागलेल्या जागी कधीकधी पांढरं पीस फुटतं. तसं असेल तर वंशाला डाग नाही. पण रक्तातून असेल तर खुराड्यात फिरणारी त्याची सगळी पिलं, आणि त्यांची पुढची, कुठंतरी काखेत ते पांढरं घेऊन वाढणार, आणि आपण गच्चीवर काढलेली वर्षं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ऑफिसात ते काट्याच्या पारड्यात वजन ठेवत आणि काटा मधोमध येण्याची वाट पाहत राहत, आणि तो आलेला असतानाही पाहत राहत. एका वाण्यानं शेवटी विचारलं, "साहेब, काही कमी आहे का?" ते दचकून म्हणाले, "नाही, बरोबर आहे," आणि त्यांना त्या वाण्याचा हेवा वाटला.

उपटून टाकायचं हे मनात आलं नाही असं कसं म्हणणार. येतंच. या छंदात प्रत्येकाच्या मनात ते आयुष्यात एकदा तरी येतं, आणि ज्यानं ते केलं त्याचं पुढं काय झालं हेही प्रत्येकाला माहीत असतं. पांढरं पीस दिसलं तर गुण जातात; उपटलेलं पीस सापडलं तर पक्षी बाद, मालकाला दोन वर्षं पिंजरा मिळत नाही, आणि दोन वर्षांनी मिळतो तेव्हा त्याच्या पिंजऱ्याकडे कोणी सरकत नाही. एका बागवाल्याचं तसं झालं होतं. अजून यायचा, बिचारा. पक्षी सुंदर आणायचा. लोक त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. काटेवाल्यांनी आठवडाभर स्वतःशी भांडून ठरवलं की कोंबडा आहे तसा न्यायचा. पांढऱ्या पिसासकट. आणि एकदा ठरवल्यावर त्यांना त्यात एक गोडीच वाटू लागली. परीक्षक पंख उघडतील, पीस बघतील, क्षणभर थांबतील, आणि मनात म्हणतील की हा माणूस हे सहज उपटू शकला असता, पण उपटलं नाही. गुण कापतील, पण मान देतील. आपल्या प्रामाणिकपणाला एखादा जाणकार साक्षीदार असावा, एवढीच काटेवाल्यांची माफक इच्छा होती. आणि आता तो पुरावाच नाहीसा झाला होता.

चष्मेवाला शुक्रवारी गच्चीवर आला होता. पण तो चहा पिऊन, खुराड्याला दोन नावं ठेवून गेला, आणि कोंबडा त्याच्या हातात दिलाच नव्हता. मग राहिलं कोण? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं काटेवाल्यांनी हळूच स्वतःचीच नखं पाहिली. गुरुवारी संध्याकाळी आपण ते पीस दोन बोटांत धरलं होतं, हे त्यांना स्पष्ट आठवत होतं. मुळापाशी एक बारीक ताण लागला होता, कोंबड्याच्या अंगातून एक शिरशिरी गेली होती, आणि तेवढ्यात खालून बायकोनं जेवायला हाक मारली होती. मग आपण सोडलं. सोडलं ना? त्यानंतर तिकडे पाहायचं त्यांनी टाळलंच होतं. जिना उतरताना हातात काही होतं का? हात धुतले होते, नेहमीच धुतो. बेसिनमध्ये काही वाहून गेलं का? माणूस स्वतःच्या हातांबद्दल इतकं कमी जाणतो हे त्यांना यापूर्वी कळलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं बांधून, जणू कोणीतरी हात दाखवा म्हणणार होतं.

तिकडे परीक्षकांनी पहिली रांग संपवली. काटेवाल्यांना एकाएकी घड्याळजी आठवले. तसे ते रोजच आठवायचे, पण आज आठवायला नको होते. घड्याळजींचं दुकान काटेवाल्यांच्या तपासणीच्या रस्त्यावर होतं. तिथं वजनकाटा नव्हता, म्हणून आत जायचं काही कारण नव्हतं, आणि म्हणूनच ते जाऊन बसायचे. काउंटरच्या मागं एका पिंजऱ्यात काळी तलंग कोंबडी बसलेली असायची, दागिना ठेवावा तशी. घड्याळजींनीच त्यांना पहिली अंडी दिली होती, कापसात गुंडाळून, मनगटी घड्याळांच्या रिकाम्या डब्यांतून. तेव्हाच्या पक्ष्यांवर हिरव्या झाकेच्या मध्ये जांभळे पट्टे यायचे. लांबून कळायचं नाही; उन्हात धरलं की दिसायचे. "हे जांभळं काढ," घड्याळजी म्हणाले होते. "मला नाही जमलं. माझ्या बापालाही नाही." एवढंच म्हणाले. कसं काढायचं ते सांगितलं नाही, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग दर हंगामात कोणती कोंबडी कोणत्या कोंबड्याखाली द्यायची हे ठरवताना काटेवाले वेड्यासारखे गच्चीवर येरझाऱ्या घालायचे. दोन सुंदर पक्ष्यांची पिलं जांभळी निघायची, एका बावळट, मळकट दिसणाऱ्या कोंबडीची मात्र हिरवीगार. तिला त्यांनी म्हातारी होईपर्यंत सांभाळलं. अंडी द्यायची थांबल्यावरही सांभाळलं. ज्या वर्षी एकही जांभळा पट्टा आला नाही, त्या वर्षी घड्याळजी अंथरुणाला खिळले होते. काटेवाले शेपटीचं एक गळालेलं पीस घेऊन गेले. म्हाताऱ्यानं उशीखालून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, पीस खिडकीकडे धरलं, इकडून तिकडून फिरवलं, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "झालं." तेवढा एक शब्द ऐकण्यासाठी आपण जन्माला आलो होतो, असं काटेवाल्यांना त्या खोलीत वाटलं, आणि अजूनही, बढती चुकली तेव्हा, मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हा, ते त्या शब्दापाशी जाऊन बसत.

"अहो, बसा ना जरा. पाय दुखतील," बायको म्हणाली. तिनं थर्मास उघडला होता. तिचं स्वतःचं बायकांच्या केसांचं दुकान होतं, घराच्या खालच्याच गल्लीत, आणि रविवार हा तिचा सर्वांत गर्दीचा दिवस. आज तिनं दुकान बंद ठेवलं होतं. का, ते काटेवाल्यांनी विचारलं नव्हतं. खुडूक बसलेली कोंबडी आपण होऊन उठली की तिच्याकडे बघायचं नसतं, नाहीतर परत बसते, हे ते जाणून होते. इतकी वर्षं या विषयावर तिची फक्त चेष्टा चालायची. गच्चीवरच्या कोंबड्या म्हणजे तिच्या सवती. दुकानात येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "एखाद्या बाईला एक सवत असते, मला चौदा आहेत, आणि सगळ्या अंडी देतात." या कोंबड्याला मात्र तिनं जावईबापू नाव ठेवलं होतं, कारण त्याच्या खाण्यापिण्याची जेवढी बडदास्त राहते तेवढी खऱ्या जावयाची कधी राहिली नाही. वासाबद्दल तिनं तक्रार केली होती, पहाटेच्या आरवण्याबद्दल केली होती, आणि एकदा, फार वर्षांपूर्वी, मुलगी तापानं फणफणली असताना काटेवाले उबवणीच्या यंत्रापाशी बसून राहिले होते त्याबद्दल काहीच बोलली नव्हती. ते न बोलणं घरात एखाद्या कपाटासारखं उभं राहिलं होतं. त्याला वळसा घालून दोघं हिंडायची. आणि मग या आठवड्यात, भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "येते मी या वेळी. बघू तरी काय असतं."

काल तर तिनं कमाल केली होती. दर वेळी कोंबड्याला तीन टपांतून अंघोळ घातल्यावर काटेवाले तिच्या दुकानातला केस वाळवायचा ड्रायर गुपचूप वर आणायचे; म्हणजे त्यांना ते गुपचूप वाटायचं. काल ते पंखात गरम हवा मारत होते आणि ती गच्चीच्या दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ पाहिलं, मग म्हणाली, "द्या इकडे. जाळाल त्याला." आणि तिनं बसायला वेताचा मोडा ओढला, कोंबडा मांडीवर घेतला, डाव्या हातानं पिसं विंचरल्यासारखी उलटी करत, उजव्या हातानं ड्रायर लांब धरून त्याला असा वाळवला की काटेवाल्यांनी आयुष्यात त्या पक्ष्याचा तसा रंग पाहिला नव्हता. कोंबड्यानं तर चक्क डोळे मिटले. ती त्याच्याशी बोलतही होती, जसं गिऱ्हाइकाशी बोलते तसं, हळू, कशाबद्दलच नाही असं. काटेवाले बादल्या आत नेऊन ठेवण्याच्या निमित्तानं बाजूला झाले, कारण पन्नाशी उलटलेल्या माणसाला बायको कोंबडा वाळवताना बघून काय वाटतं हे कोणाला दाखवण्यासारखं नाही. ते परत आले तेव्हा तिचं काम संपलं होतं, आणि ती पदराला हात पुसत होती.

तिनं त्यांच्या हातात चहा दिला. मग स्वतःच्या कपात ओतता ओतता थोडी हसली, तरुणपणी हसायची तसं, ओठ मिटून.

"एक सांगू? हसायचं नाही."

"सांग."

"काल वाळवताना त्याच्या काखेत एक पांढरं दिसलं मला. एकच होतं. काढून टाकलं."

काटेवाल्यांनी कप खाली ठेवला. "कशानं?"

"चिमट्यानं, भुवयांच्या. उकळून घेतला होता, काळजी करू नका. मुळासकट काढलं आणि जागेवर पावडर लावली. हूं का चूं केलं नाही बिचाऱ्यानं. आमच्या गिऱ्हाइकांपेक्षा शहाणा." मग तिनं पिंजऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते काटेवाल्यांना चांगलंच ओळखीचं होतं, ते रोज गच्चीवर आरशाशिवाय स्वतःच्या चेहऱ्यावर जाणवायचं. "एवढ्या सगळ्यांत आपला उठून दिसतो, नाही?"

"बरं केलंस," काटेवाले म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांनी ते ऐकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पारड्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी शोधणारा माणूस, आणि त्यानं स्वतःच्या पारड्यात अंगठा टेकवला होता. पण दुसरं म्हणणार काय होते? अगं, हे तू काय केलंस. या छंदात याहून मोठं पाप नाही. मी आठवडाभर जे न करण्याचा निश्चय केला ते तू एका चिमट्यानं केलंस? ती उठून गेली नसती. ती तशी नाही. ती बसून राहिली असती, पिशवी मांडीवर घेऊन, आणि घरी गेल्यावर तिन्ही टप आत ठेवले असते आणि पुन्हा कधी गच्चीवर आली नसती. घरात आणखी एक कपाट उभं राहिलं असतं. आणि तिचं चुकलं तरी काय? तिच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईचं ती हेच करते. नको तिथं पांढरं दिसलं की ते काढायचं, आणि काढलेलं कळू द्यायचं नाही. इतकी सफाई की काटेवाल्यांनाही खळगी शोधावी लागली. तिनं आपल्या हातातली सगळ्यात चांगली कला आणून त्यांच्या कोंबड्याला दिली होती. कोणी सोन्याची साखळी दिली असती तर ती परत करता आली असती.

दुसरी रांग संपली. मिठाची गुळणी धरली की प्रश्न संपत होता. परीक्षकांच्या बोटांना ती जागा लागणार नाही, शंभरात एखाद्याला लागेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण इथं झाकलेलं कोंबडंच बक्षीस घेऊन जाणार होतं. ट्रॉफी घरी येईल, बायको ती दुकानात आरशांच्या मधोमध ठेवेल, गिऱ्हाइकांना सांगेल की एक पांढरं होतं, मी काढलं; आणि सांगता सांगता एक दिवस ते चष्मेवाल्याच्या बायकोलाही सांगेल, कारण तीही तिथंच केस कापायला येते. या विचारानं काटेवाल्यांना हसू आलं, आणि हसू येताच लाज वाटली की आपण पकडले जाण्याचा विचार करतोय, दुसऱ्या कशाचा नाही. आजारी आहे सांगून पक्षी काढून घ्यावा का? पण तो पिंजऱ्यात असा उभा होता, छाती पुढं, शेपटीची कमान मागं, की आजारी म्हणणाऱ्यालाच कोणी डॉक्टरकडे नेलं असतं. आणि पक्षी काढून घेतला तर तो रंग कोणी पाहणार नाही. हे सगळ्यांत असह्य होतं. जांभळं गेलंय, दोन पिढ्यांच्या माणसांना जे जमलं नव्हतं ते त्या पंखावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचू शकणारा माणूस हॉलमध्ये एकच होता आणि तो आता तिसऱ्या रांगेच्या शेवटी होता.

मग परीक्षक त्यांच्या पिंजऱ्यापुढं आले. त्यांनी लगेच दार उघडलं नाही. आधी काठीनं कोंबड्याला हळूच वळवलं, मागून पाहिलं, बाजूनं पाहिलं, मग काठी काखेत धरली आणि कोंबडा बाहेर काढला. कोंबडा त्यांच्या तळहातावर असा बसला की जणू तिथंच अंड्यातून निघाला होता. त्यांनी उजवा पंख उघडला. दिव्याकडे वळले. मग शेपटीची पिसं एकेक करून उजेडात धरली, आणि काटेवाल्यांना कळलं की ते जांभळं शोधताहेत, आणि त्यांना ते सापडत नाहीये. परीक्षक कोणाशी बोलत नसतात. पण ते बाजूला उभ्या असलेल्या सचिवांना म्हणाले, आणि दोरीपर्यंत ऐकू आलं, "या जातीत असा रंग मी पाहिलेला नाही. होईल असं वाटलंही नव्हतं." बायकोनं काटेवाल्यांची बाही धरली. काटेवाल्यांच्या छातीत काहीतरी इतकं वर आलं की त्यांना वाटलं आता आपणच आरवणार. झालं, हे पुरे. याहून जास्त काही आपल्याला नको होतं. आणि हेच शब्द आता खोट्या मापानं घरी न्यायचे या विचारानं ते शब्द त्यांच्या हातातून निसटू लागले. परीक्षकांनी डावा पंख उघडला, पाहिला, बोट फिरवलं, मिटला. त्यांना काही लागलं नाही. त्यांनी कोंबडा आत ठेवायला हात पुढं केला.

"साहेब," काटेवाले म्हणाले. मालकानं बोलायचं नसतं. "डाव्या पंखाखाली बघा. मुळाशी. एक पीस काढलेलं आहे."

परीक्षकांनी वळून पाहिलं, मग पंख पुन्हा उघडला, अंगठ्यानं पिसं उलटी केली आणि मुळाशी बोट टेकवलं. चष्मेवाल्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरला.

"पांढरं होतं?"

"हो."

"कोणी काढलं?"

मी, असं म्हणायला काटेवाल्यांनी तोंड उघडलं. आणि त्याला फार खोटंही म्हणता आलं नसतं, गुरुवारची ती दोन बोटं त्यांना आठवत होती. पण त्यांच्या आधी बाजूची खुर्ची वाजली.

"मी," बायको म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "काय झालं? लागलंय का त्याला? अजिबात लागू दिलं नव्हतं मी."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. "नाही, लागलेलं नाही," ते म्हणाले. "मला सापडलंही नव्हतं. चाळीस वर्षांत मला न सापडलेलं हे पहिलंच. कशानं काढलंत?"

"चिमट्यानं. रोजचंच काम आहे माझं," ती म्हणाली, आणि तिची मान आपोआप ताठ झाली. मग सगळे गप्प आहेत हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "काढायचं नव्हतं का?"

"नसतं काढायचं," काटेवाले म्हणाले. "काढलं की बाद."

"बाद? आता, एवढं ते बोलले त्याच्यावर, तरी?"

"तरी."

तिचा चेहरा पडला, पण नजर खाली गेली नाही. "मग मघाशी मला बरं केलंस का म्हणालात?"

इतकी माणसं ऐकत होती. एरवी काटेवाले घरातलं बोलणं जिन्यातसुद्धा करत नसत. "कारण तू आली होतीस," ते म्हणाले. "आणि खरंच बरं वाटलं होतं. आता, चूक झाली ती झाली. पण काल तू त्याला मांडीवर घेतलंस, तो रंग खुलवलास, तसा मला कधी जमला नसता. ते काही मी बाद होऊ देणार नाही."

तिनं त्यांच्या बाहीवरचा हात काढला नाही. परीक्षकांनी पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर एक आडवी रेघ मारली. ती मारताना त्यांना आनंद झाला असं दिसलं नाही. पण कोंबडा त्यांनी लगेच आत ठेवला नाही. बाकीच्या जातींच्या रांगा तपासणाऱ्या दुसऱ्या परीक्षकांना त्यांनी खुणेनं बोलावलं आणि शेपटीचं पीस दिव्यापुढं धरून दाखवलं, मग तिसऱ्यांना, आणि मग चष्मेवाला कोणी बोलावलं नसताना दोरीखालून आत शिरला. बाद झालेल्या पक्ष्याभोवती एवढी माणसं जमलेली काटेवाल्यांनी कधी पाहिली नव्हती. कोंबडा मान उंचावून सगळ्यांकडे एकेका डोळ्यानं बघत होता, आणि मध्येच आरवला. रक्तातून आहे की जखमेतून, हे त्या खळगीतून नवं पीस येईल तेव्हा कळेल. काळं आलं तर काळं, पांढरं आलं तर पांढरं. काहीही आलं तरी ते बघायला गच्चीवर आता दोघं जण असतील, आणि हा हिशेब काटेवाल्यांना फायद्याचा वाटला.

सचिव फाईल घेऊन दोरीपाशी आले. भला माणूस होता. त्याला स्वतःलाच संकोच वाटत होता. "नोंद करावी लागते हो," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन वर्षं पिंजरा मिळणार नाही. नाव कोणाचं लिहू, पक्षी तुमच्या एकट्याच्या नावावर आहे ना?"

"दोघांचा आहे," काटेवाले म्हणाले. "दोघांची नावं लिहा. आधी हिचं."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. सचिवांनी पेन टेकवलं आणि वाट पाहत थांबले. मग काटेवाल्यांनी बायकोचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.